दुहेरी अंध: राज्यातल्या आचारसमित्यांना एका भाषांतरकाराचं खुलं पत्र

औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या, महाराष्ट्रातल्या वैद्यकीय संशोधन आचारसमित्यांच्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण माझं लिखाण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या टेबलावरून गेलेलं असणार. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी जी माहितीपत्रकं आणि संमतीपत्रकं मराठीत येतात, ती भाषांतर करून देणाऱ्यांपैकी मी एक. सतरा वर्षं हेच काम करते. क्षयरोग, एचआयव्ही, मलेरिया, कावीळ, आणि मधली दोन वर्षं नुसता करोना. शब्दाला इतके पैसे असा हिशोब, आणि मुदत कायम परवाची. एजन्सीशी गोपनीयतेचा करार असतो, त्यामुळे नाव घालत नाही. ज्या चाचण्यांचे कागद हाताखालून गेले त्यांची, कंपन्यांची किंवा रुग्णालयांची नावंही या पत्रात सापडणार नाहीत. तक्रार आहे ती माझ्याच मराठीची, आणि त्या मराठीवर तुम्ही मारत असलेल्या शिक्क्याची.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या सुनेला टीबी निघाला. साधा नव्हे, एमडीआर; रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही दोन हुकमी औषधं ज्याला जुमानत नाहीत तो. रुग्णालयात तिला एका चाचणीत भाग घेणार का म्हणून विचारलं आणि कागद घरी नेऊन वाचायला दिले. (हे चांगलंच झालं. सगळीकडे घरी नेऊ देत नाहीत.) मावशी ते कागद दुधाच्या पिशवीसारखे जपून माझ्याकडे घेऊन आल्या. ‘ताई, तुम्ही सांगा वाचून. मराठीतच हाय, पण कळंना.’ बावीस पानं होती. दुसऱ्या पानावर मला शंका आली, तिसऱ्यावर खात्री पटली. वाक्यं माझी होती.

दुसऱ्या दिवशी सून आली. ती मास्क लावून गॅलरीत बसली, मी दारात स्टूल टाकलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. ‘हा एक यादृच्छिकीकृत, दुहेरी-अंध, बहुकेंद्री अभ्यास आहे.’ तिनं हात वर करून मला थांबवलं.

‘दोन्ही डोळे जातात का?’

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता. त्याच पानाच्या तळाशी, संभाव्य धोक्यांच्या यादीत, एका औषधामुळे नजरेवर परिणाम होऊ शकतो असं मीच लिहिलं होतं. ते खरंही आहे. लिनेझोलिड बरेच महिने घेतलं तर डोळ्याच्या नसेला इजा होऊ शकते. तिनं वर ‘अंध’ ऐकलं होतं, खाली ‘दृष्टी’ वाचली होती, आणि दोन्हींची सांगड घातली होती. कुठल्याही शहाण्या माणसानं घातली असती. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ इतकाच, की कोणाला कुठली गोळी चालू आहे हे ना पेशंटला माहीत असतं ना डॉक्टरांना. हे सांगायला मराठीला ‘अंध’ हा शब्द लागत नाही. मला लागला होता.

पुढे ‘बाहू’ आला. ‘आपल्याला कोणत्या उपचार-बाहूमध्ये समाविष्ट केले जाईल हे संगणकाद्वारे निश्चित केले जाईल.’ यावर मावशी मध्येच म्हणाल्या, ‘सुई कुठल्या दंडात टोचायची ते पण कम्प्युटर ठरवतो?’ त्या चाचणीत सुई नव्हतीच, सगळ्या गोळ्या होत्या. चाचणीतल्या गटाला इंग्रजीत हात म्हणतात, म्हणून मराठीत बाहू. ‘गट’ हा शब्द बचत गटापासून जिल्हा परिषदेच्या गटापर्यंत गावागावांत रुळलेला असताना मी बाहू लिहिला होता.

मग मी कागद बाजूला ठेवला. म्हटलं, हे बघ, दोन गट आहेत. एकाला आत्ता सरकारी दवाखान्यात जो कोर्स देतात तो, दुसऱ्याला नवा. तू कुठल्या गटात जाशील ते डॉक्टर ठरवणार नाहीत, मॅडम ठरवणार नाहीत, तूही नाही. चिठ्ठी निघेल.

‘भिशीसारखी?’

अगदी भिशीसारखी. वशिला नाही, ओळख नाही, जास्त आजारी म्हणून नवं औषध आणि कमी आजारी म्हणून जुनं असंही नाही. तिनं मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, जो मला सतरा वर्षांत कधी सुचला नव्हता: ‘मग ज्या गटाला फरक पडत नाही, त्यांचं मधेच बदलतात का?’ हा प्रश्न एखाद्या संख्याशास्त्रज्ञानं विचारला असता तर त्याचं कौतुक झालं असतं. उत्तर पान सतरावर होतं, ‘अंतरिम विश्लेषण’ आणि ‘सुरक्षा देखरेख मंडळ’ या शब्दांच्या आड.

तुम्ही विचाराल, बाई, तुम्हाला चिठ्ठी आणि भिशी ठाऊक होती तर लिहिली का नाहीत? त्यासाठी आमचा कारखाना कसा चालतो ते सांगायला हवं. इंग्रजी मसुदा येतो. मी त्याचं मराठी करते. ते मराठी दुसऱ्या कोणाकडे जातं, ज्यानं मूळ इंग्रजी पाहिलेलं नसतं, आणि तो त्याचं परत इंग्रजी करतो. याला आम्ही बॅक ट्रान्सलेशन म्हणतो. मग दोन्ही इंग्रजी मसुदे शेजारी ठेवून कोणीतरी, बहुधा मराठी अजिबात न येणारं, जुळवून बघतं. जिथे जुळत नाही तिथे लाल खूण. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा खरंच ‘चिठ्ठ्या टाकून ठरवलं जाईल’ असं लिहिलं होतं. ते परत जाताना ‘लॉटरी’ होऊन गेलं. प्रायोजकाकडून, म्हणजे चाचणीचा खर्च करणाऱ्यांकडून, शेरा आला की या शब्दातून जुगार ध्वनित होतो, बदला. ‘मुंग्या येतात’ असं लिहिलं, तर एकदा परत येताना त्या खऱ्याखुऱ्या मुंग्या होऊन आल्या. प्रत्येक लाल खुणेचं स्पष्टीकरण मी द्यायचं, त्याचे पैसे नाहीत. पाच-सहा वेळा असं झाल्यावर माणूस शहाणा होतो. मी असं मराठी लिहायला शिकले, ज्यातून इंग्रजी जसंच्या तसं परत काढता येतं. ‘यादृच्छिकीकृत’चा ‘रॅन्डमाइझ्ड’ होतोच होतो, शंभरातल्या शंभर वेळा. ते वाचणाऱ्या बाईला काय कळतं हे त्या शंभरात मोजलं जात नाही.

आणि मग ते कागद तुमच्याकडे येतात. सोबत भाषांतराचं प्रमाणपत्र, उलट भाषांतराचं प्रमाणपत्र, दोन्हींवर शिक्के. तुमच्या कार्यालयात या प्रमाणपत्रांसाठी रकाना असतो, तो भरलेला दिसला की मराठी मसुदा मंजूर. मला शंका आहे, आणि चूक असेन तर माफी मागेन, की बैठकीत तो मराठी मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फार थोड्या वेळा वाचला जातो. चर्चा होते ती इंग्रजीवर.

कायद्यानं तुमच्या हातात काय दिलंय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकांसाठी लिहिते. २०१९च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार समितीत किमान सात सदस्य लागतात, आणि निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. त्यांत एक सर्वसामान्य नागरिक, एक कायदा जाणणारी व्यक्ती, एक स्त्री सदस्य हवीच. माहितीपत्रक तांत्रिक नसलेल्या, सहभागीला समजेल अशा भाषेत असावं, हेही तिथेच लिहिलेलं आहे. म्हणजे मी जे मागणार आहे ते नवं काही नाही. तो सर्वसामान्य नागरिक टेबलाभोवती बसवला आहेच. त्याच्या हातात बहुतेक वेळा इंग्रजी फाइल असते एवढंच.

कागद जाड का झाले याचाही इतिहास आहे, आणि तो लाजिरवाणा आहे. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये कित्येक मुलींच्या संमतीपत्रकांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं उघड झालं. संसदीय समितीनं २०१३मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. त्याच काळात औषधचाचण्यांबद्दलची इंदूरच्या एका संस्थेची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती. नियम कडक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण प्रत्येक नव्या नियमामागे कागदाला एक पान जोडलं गेलं, आणि ते पान लिहिलं वकिलांनी. आता संमतीपत्रकात सहभागीचा व्यवसाय येतो, वार्षिक उत्पन्न येतं, आणि नामनिर्देशित व्यक्तीचं नाव येतं. त्या रकान्यापाशी सून अडखळली. नॉमिनी हा शब्द तिला एलआयसीमुळे पक्का ठाऊक. ‘म्हणजे मी गेले तर पैसे कुणाला द्यायचे ते आधीच लिहून घेतात?’ हो, तसंच. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, मृत्यू झाला तर वारसाला भरपाई, हा तिचा हक्क आहे आणि तो झगडून मिळालेला आहे. मी त्याचं भाषांतर असं केलं होतं, की तो हक्क न वाटता धमकी वाटावा.

काही चाचण्यांत संमती देतानाचं चित्रीकरण करावं लागतं. कल्पना उत्तम. पण मी अशा रेकॉर्डिंगची लेखी प्रत तयार करायचं काम केलंय, आणि त्यात काय असतं ते सांगते. डॉक्टर किंवा समन्वयक वाचतात, वाचतात, वाचतात. मध्ये ‘समजलं का?’, त्यावर ‘हो’. पुन्हा वाचतात. ‘काही प्रश्न?’ ‘नाही.’ पांढऱ्या कोटातल्या माणसानं ‘समजलं का’ विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारा पेशंट मी अजून त्या प्रतींमध्ये पाहिलेला नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी नि:पक्ष साक्षीदार लागतो. एका ठिकाणी तो शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ होता. डबा द्यायला आला होता.

मी चाचण्यांच्या विरोधात नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर उद्या हे पत्र ‘बघा, गिनिपिग करतात’ म्हणून व्हॉट्सॅपवर फिरेल. माझी एक आत्या १९५०च्या दशकात टीबीमुळे वर्षभर सॅनेटोरियममध्ये होती. घरापासून शंभर मैलांवर, मोकळी हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती. तिच्या दोन लहान मुलांनी ते वर्ष आईविना काढलं. १९५६मध्ये मद्रासच्या चेटपेट भागात एक केंद्र सुरू झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा तो एकत्रित उद्योग. तिथे १९३ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्या: निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी, मद्रासच्या गर्दीच्या वस्त्यांतल्या कोंदट खोल्यांत. औषधं दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. १९५९मध्ये निकाल छापून आला. घरी राहणारे जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्या माणसांना जास्त लागण झाली नाही. त्यानंतर जगभर सॅनेटोरियमं ओस पडायला लागली. आज टीबीच्या पेशंटला घरच्या घरी गोळ्या मिळतात, त्याच्या मुळाशी ते १९३ लोक आहेत. त्यांची नावं कुठेही नाहीत.

चिठ्ठी टाकणं न्याय्य का असतं हेही टीबीनंच शिकवलं. १९४७च्या सुमारास इंग्लंडमध्ये स्ट्रेप्टोमायसिन जेमतेम उपलब्ध होतं, सगळ्यांना पुरण्याचा प्रश्नच नव्हता. मग १०७ पेशंटांत ते चिठ्ठीनं वाटलं: ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी चौघे गेले, दुसऱ्या गटातले चौदा. केवढा फरक! पण पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा ५५पैकी ३२ आणि ५२पैकी ३५ दगावले होते. एकट्या औषधाला जंतू सरावले होते. टीबीला एका वेळी तीन-चार औषधं का देतात याचं उत्तर त्या आकड्यांत आहे. मात्र आपण एका प्रयोगात आहोत हे त्या १०७ जणांना सांगितलेलं नव्हतं. तेव्हा तशी रीतच नव्हती. आता रीत आहे, बावीस पानांची.

खरं सांगायचं तर ही पानं कठीण असण्याचं एक प्रामाणिक कारणही आहे. काही गोष्टी इंग्रजीतही सांगायला कठीण असतात. बेडाक्विलिनचं घ्या. चाळीस वर्षांत आलेलं टीबीचं पहिलं नव्या जातीचं औषध. ज्या चाचणीच्या जोरावर त्याला डिसेंबर २०१२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तिच्यात ते घेणाऱ्या ७९ जणांपैकी १० मरण पावले आणि खोटी गोळी घेणाऱ्या ८१ जणांपैकी २. थुंकीतले जंतू मात्र औषधाच्या गटात लवकर आणि जास्त जणांचे गेले. ते मृत्यू औषधामुळेच झाले असं दाखवता आलं नाही, आणि झाले नाहीत अशी हमीही देता येत नव्हती. आपल्याकडे २०१६मध्ये सहा निवडक केंद्रांवर ते मिळू लागलं, त्यांत मुंबई होती. मग पेशंटला काय सांगायचं? माझ्या त्या काळातल्या एका मसुद्यात ‘मृत्यूदरातील असंतुलन निदर्शनास आले आहे’ असं वाक्य होतं. आजही ते वाचून मला घाम फुटतो. दहा आणि दोन. हे आकडे पाटीवर लिहून दाखवता येतात. ‘आधीच्या चाचणीत हे औषध घेणारी ७९ माणसं होती, त्यांतली दहा वारली. न घेणारी ८१, त्यांतली दोन. कारण नक्की कळलेलं नाही. पण हे औषध घेणाऱ्यांच्या थुंकीतले जंतू लवकर गेले.’ एवढंच लिहायचं होतं. यात न समजण्यासारखं काय आहे? भीती वाटेल, वाटू दे. ती तिची भीती आहे, तिच्या जिवाबद्दलची.

पुढे हेच औषध बाजी मारून गेलं, हेही सांगायला हवं. प्रीटोमॅनिड आणि लिनेझोलिडबरोबर ते दक्षिण आफ्रिकेत १०९ जणांना दिलं, अतिशय चिवट टीबीच्या, आणि दहातले नऊ बरे झाले. मग बेलारूस, उझबेकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन जोडून चाचणी झाली. जुन्या उपचारात जवळपास निम्म्यांचा उपचार या ना त्या कारणानं फसत होता, नव्यात शंभरात अकरा जणांचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२च्या अखेरीस तो सहा महिन्यांचा कोर्स सुचवला, भारत सरकारनं सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर केला. पूर्वी एमडीआरवाल्यांना दीड-दोन वर्षं गोळ्या आणि त्यातले कित्येक महिने रोज कानामायसिनसारखं इंजेक्शन असायचं. ते घेऊन कायमचे बहिरे झालेले कितीतरी आहेत. मुंबईची नंदिता वेंकटेशन तशीच ऐकू येणं गमावून बसली, आणि तिनं दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिलेबरोबर बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवण्याला हरकत घेतली. मार्च २०२३मध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. कोण म्हणतं पेशंटना गुंतागुंतीचं कळत नाही?

त्या १०९ जणांच्या चाचणीत लिनेझोलिडमुळे ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांच्या हातापायांच्या नसांवर परिणाम झाला होता. पुढच्या चाचण्यांत डोस कमी करावा लागला. माझ्या भाषांतरात याला ‘परिघीय चेताविकृती’ म्हणतात. सुनेला चौथ्या महिन्यात हा त्रास सुरू झाला. तिनं मला सांगितलं ते असं: ‘ताई, चप्पल पायातून निघून जाती आन् चार पावलं गेल्यावर कळतं.’ मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय. तिनं ते तीन आठवडे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण कागदावर चपलेबद्दल काहीच नव्हतं. अशक्तपणामुळे होत असेल असं तिला वाटलं. लक्षण लवकर कळलं तर डोस कमी करता येतो, औषध थांबवता येतं. भाषेचा प्रश्न इथे सौंदर्याचा उरत नाही. तो नसांचा होतो.

आता करोनाबद्दल थोडं, कारण त्यात दुसरी एक चूक उघडी पडली. २०२० आणि २१मध्ये ‘अमुक गटाचा प्लाझ्मा हवा’ असे निरोप तुम्हीही पुढे पाठवले असतील, मीही पाठवले. आपल्याच आयसीएमआरनं ३९ रुग्णालयांत ४६४ पेशंटांवर प्लाझ्माची चाचणी केली होती आणि ऑक्टोबर २०२०मध्ये निकाल प्रसिद्ध झाला होता: आजार बळावण्यावर किंवा मृत्यूंवर फरक पडत नाही. तरी पुढे एप्रिलच्या लाटेत लोक प्लाझ्मासाठी रात्रीबेरात्री शहर पालथं घालत होते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून तो उपचार निघाला मे २०२१मध्ये. त्या ४६४ जणांना, किंवा त्यांच्या मागे राहिलेल्यांना, निकाल कोणी त्यांच्या भाषेत सांगितला का? संमती मागायला बावीस पानांचं मराठी करून घेतात. निकाल सांगायला एक पान करून घेण्यासाठी मला सतरा वर्षांत फक्त दोनदा फोन आला.

सोपं सांगता येतं याचा दाखलाही आहे. झारखंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात टीबीच्या २,८०० पेशंटांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांपैकी काहींना महिन्याचा तांदूळ आणि डाळ दिली, काहींना नाही. पेशंटांना मात्र सगळ्यांनाच दहा किलोचं धान्य-तेल-दूधपावडर. ज्या घरच्यांना धान्य मिळालं त्यांच्यात थुंकीत जंतू सापडणारा फुप्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी कमी झाला. बघा, तीन वाक्यांत सांगून झालं. विषय सोपा होता म्हणाल. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की ‘रेशन’ला कोणी ‘पोषण-हस्तक्षेप बाहू’ म्हटलं नाही. माझ्या हातात ते काम आलं असतं तर मी म्हटलं असतं.

तर मागणं काय? मराठी मसुदा बैठकीत मोठ्यानं वाचला जावा. सगळा नको, पहिली चार पानं. वाचणारा तुमचा सर्वसामान्य नागरिक सदस्य असावा आणि वाचून झाल्यावर कागद पालथा ठेवून त्यानं स्वतःच्या शब्दांत सांगावं, की या चाचणीत पेशंटचं काय होणार आहे. त्याला सांगता आलं नाही तर मसुदा माझ्याकडे परत पाठवा. खुशाल लाल खुणा करा. त्या मी आनंदानं दुरुस्त करीन, कारण त्या वाचणाऱ्याच्या असतील. बॅक ट्रान्सलेशन बंद करा असं मी म्हणत नाही. डोसचा आकडा चुकला, ‘नाही’ गळलं, तर ते त्यातच पकडलं जातं. पण त्याच्या बरोबरीनं त्या रोगाच्या दोन-चार खऱ्या पेशंटांना मसुदा वाचायला देऊन त्यांना काय कळलं ते लिहून मागवा, आणि दोन्ही कागद जुळत नसतील तर पेशंटांचा कागद वरचढ धरा. हे तुम्ही मागितलंत तरच प्रायोजक त्याचे पैसे देईल. मी मागून देत नाहीत, मागून पाहिलंय.

हेही लक्षात असू द्या, की माझं मराठी पुण्याचं आहे. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या बाईला, मेळघाटातल्या कोरकू माणसाला ‘मराठी प्रत दिली’ म्हणजे काय दिलं? तिथे कागदापेक्षा त्यांच्या बोलीत समजावणारी आशाताई जास्त उपयोगाची, आणि तिच्या वेळेचे पैसे चाचणीच्या अंदाजपत्रकात हवेत.

आणि मंजुरीच्या पत्रात एक ओळ घाला: चाचणी संपल्यावर निकाल मराठीत, एका पानात, प्रत्येक सहभागीला पोचवला जाईल.

तुमच्यापैकी कुठल्याही समितीला नमुना म्हणून एखादा जुना मसुदा पुन्हा लिहून हवा असेल तर मी देईन, मोबदला नको. बैठकीला बोलावलंत तर येईन. सुनेलाही आणीन, ती माझ्यापेक्षा चांगलं विचारते.

तिनं शेवटी सही केली होती. दीड तास बोलणं झाल्यावर, सगळे प्रश्न संपल्यावर, तिचा उरलेला प्रश्न होता: ‘गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या का जेवून?’ पान चौदावर होतं: ‘औषध अन्नासह प्रशासित केले जाईल.’ म्हटलं, जेवून. कोर्स पूर्ण झाला, थुंकी साफ आली, वजन नऊ किलो वाढलं. पायाच्या मुंग्या थोड्या राहिल्यात. गेल्या महिन्यात दिवाळीचा फराळ द्यायला आली होती. जाताना दारात थांबून म्हणाली, ‘ताई, ती चिठ्ठी निघाली होती ना, त्यात माझं काय निघालं होतं, ते कुणाला विचारायचं?’

आपली विश्वासू,
संमतीपत्रकांची एक भाषांतरकार
पुणे